काळा पडलेला रुपया

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्याकडे प्रथम डोळ्यांपुढे येतात ते मोडी कागदांचे रुमाल. त्यात नवल नाही. वाईस सापडलेल्या कागदांतून वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उलगडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागद, चित्रे, नकाशे जमवून संग्रहालय उभे केले. तो संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी निघालेले कागद या मंडळींनी अक्षरशः ओढून काढले. कागदाला असे वाली मिळाले. रुपयाला मिळाले नाहीत.

आणि गंमत अशी की, ज्या घरात जुन्या कागदाचा कपटाही उरलेला नाही, त्या घरातही एखादा चांदीचा रुपया असतोच. देवघरातल्या डब्यात असेल, लोखंडी कपाटातल्या चोरकप्प्यात असेल, आजीच्या लुगड्याच्या घडीत बांधलेल्या पुरचुंडीत असेल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो बाहेर निघतो. तो काळा दिसतो. घरातली मंडळी म्हणतात, ‘अगबाई, काळा पडला की!’ आणि मग चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा दात घासण्याची पेस्ट यांपैकी काहीतरी हाती येते. पाच मिनिटांत रुपया लखलखीत होतो, पाटावर ठेवला जातो, त्याला हळदकुंकू लागते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डब्यात जातो. असे वर्षानुवर्षे चालते. या पाच मिनिटांत काय होते याचा विचार मला आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. मोडी कागदावरची शाई काळी आहे म्हणून ती कोणी चिंचेने धूत नाही. रुपयाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करीत आलो आहो.

रुपयावर वाचण्यासारखे असते तरी काय, असे कोणी विचारील. आपल्या भागापुरते पाहू. १७०० सालच्या एप्रिलात औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि शहाजादा आज़म याच्या नावावरून त्याचे नाव आज़मतारा ठेवले. त्या नावाने औरंगजेबाचे चांदीचे रुपये पडले. आज ते दुर्मिळ आहेत. मिरजेचे कागदोपत्री नाव मुर्तजाबाद. तेही टांकसाळीचे नाव म्हणून रुपयांवर येते. पुढे मराठ्यांनी स्वतःच्या टांकसाळी चालविल्या तेव्हाही रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले, अक्षरे फारसीच राहिली. मग हा रुपया मराठी टांकसाळीचा हे ओळखावयाचे कसे? तर एखाद्या बारीक खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश असे, म्हणून तो अंकुशी. चांदवडचा तो चांदोरी. पेशवाई बुडाल्यावरही कंपनीच्या अमलात पुण्यास काही वर्षे अंकुशी रुपये पडतच होते. तेव्हा नुसता अंकुश पाहून भागत नाही, सालाचे आकडेही पाहावे लागतात.

यात आणखी एक अडचण आहे. हे रुपये हाताने पाडलेले. चांदीची चकती लहान आणि ठसा तिच्यापेक्षा मोठा. हातोड्याचा घाव बसेल तेवढाच लेख उमटायचा, बाकीचा काठाबाहेर हवेत जायचा. त्यामुळे एका नाण्यावर टांकसाळीचे नाव अर्धे, दुसऱ्यावर सालाचा एकच आकडा, तिसऱ्यावर नुसता अंकुशाचा दांडा, अशी स्थिती असते. दहा-वीस रुपये शेजारी मांडावे तेव्हा कोठे एक ओळ पुरी होते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणी यांवर जो ग्रंथ लिहिला, तो १९८९ साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. असे काम उभे राहते ते एकेका नाण्याच्या काठावर उरलेल्या एकेका रेघेच्या बळावर. ती रेघ घासून गेली की त्या रुपयाने द्यावयाची साक्ष संपली.

तेव्हाच्या बाजारात हे सगळे रुपये एकत्रच फिरत. प्रत्येकाचा कस निराळा, हीण निराळे. सराफ रुपया दगडावर वाजवून नाद ऐके, कधी त्याच्या अंगावर आपली बारीक खूण ठोकी, आणि मग कस, वजन व झीज पाहून बट्टा कापी. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण सहज बोलून जातो. तो बट्टा या सराफी व्यवहारातला. हिणकस, खणखणीत, पारख हे शब्दही त्याच पेढीवरून घरात आले. आपली भाषा रुपयाच्या अंगाने एवढी वाढली, पण रुपया जपण्याचे शास्त्र काही आपल्याकडे वाढले नाही.

१८३५ च्या कायद्याने कंपनीने सगळीकडे एकच रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११·६६ ग्रॅम; त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. हा रुपया बरोबर तोळाभर भरे, म्हणून ‘रुपयाभार’ हे सोनाराचे मापच होऊन बसले. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया आली आणि तो राणीछाप झाला. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले व राज्य खालसा झाले, तेव्हा जुने हाली, चांदोरी, अंकुशी रुपये मागे हटत होते आणि कलदार पुढे येत होता. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने राहिली, पण बाजारात चलन कंपनीचे.

राणीछाप रुपया सगळा सारखाच, त्यात वाचण्यासारखे काय, असे वाटण्याचा संभव आहे. तेही खरे नाही. १८६२ साली जो नवा ठसा निघाला त्यावरचे साल पुढे अकरा-बारा वर्षे बदललेच नाही! १८७० सालचा रुपयाही १८६२ च सांगतो. मात्र मुंबईच्या टांकसाळीच्या या रुपयांवर सालाच्या खाली आणि वेलपत्तीत मोहरीएवढेही नाहीत असे ठिपके आहेत. कोठे एक, कोठे दोन, कोठे अधिक. ते रुपया पाडल्याच्या खऱ्या वर्षाचे निदर्शक असावेत असे नाणकशास्त्रज्ञ मानतात. आता राखेने दहा दिवाळ्या घासलेल्या रुपयावर हे ठिपके कसे राहावे? राणीचे नाक राहते, कारण ते मोठे असते. ठिपके आधी जातात.

आता काळेपणाकडे येऊ. चांदी लोखंडासारखी गंजत नाही. स्वच्छ कोरड्या हवेतला प्राणवायू तिला काही करीत नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. सडलेल्या अंड्याला, तुंबलेल्या गटाराला जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. हा वायू हवेत अगदी लेशमात्र असला तरी चांदी त्याच्याशी संयोग पावते आणि तिच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसू लागतो. हवा दमट असली म्हणजे हे काम झपाट्याने होते. थर प्रथम इतका पातळ असतो की तो काळा दिसतच नाही. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, निळा, असे रंग त्यावर दिसतात, आणि बऱ्याच काळाने करडा-काळा. पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला म्हणजे तवंगावर जसे रंग खेळतात तसेच हे रंग. पातळ थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशाच्या मिलाफाने होणारे. रंगीत असताना या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्याही आतबाहेर असते.

जुन्या संग्राहकांना हे रंग आवडतात, आणि कोणी लबाड व्यापारी गंधकाची धुरी देऊन ते एका रात्रीत आणतो. तो विषय निराळा आहे. आपल्याला लक्षात ठेवावयाचे ते दुसरेच. या काळ्या थराचे वजन केले आणि त्याची फोड केली, तर शंभर भागांत सत्त्याऐंशी भाग चांदी निघते आणि केवळ तेरा भाग गंधक. म्हणजे ज्याला आपण मळ म्हणतो तो मळ नव्हेच. तो रुपयाचाच पृष्ठभाग आहे. त्याच थरात अंकुशाची कड आहे, तोच ठिपक्यांचा माथा आहे. राखेने घासताना बोटाला जे काळे लागते ती, श्रोतेहो, चांदी आहे. मोरीत वाहून जाते ते सालाच्या आकड्याचे एक पापुद्रे.

आणि एवढ्याने संपत नाही. घासलेली चांदी उघडी पडते, तिच्यावर बारीक ओरखडे उठतात, ओरखड्यांत ओल आणि गंधक अधिक सहज धरले जाते, आणि पुढच्या दिवाळीला रुपया पहिल्यापेक्षा लवकर काळा झालेला असतो. मग आपण अधिक जोराने घासतो. उलट एकदा बसलेला पातळ, सारखा थर खालच्या चांदीला काही अंशी झाकून ठेवतो आणि पुढची वाढ मंद होते. सराफाकडे उजाळा देताना आम्लाचे पाणी वापरतात. त्याने काळे क्षणात जाते, पण पृष्ठभाग खाल्ला जातो आणि रुपयाची मूळची तकाकी, जी ठशाखाली धातू वाहताना आलेली असते, ती कायमची मरते. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा घालून गरम पाण्यात बुडविण्याची युक्ती हल्ली घरोघर पोहोचली आहे. तिच्यात चांदी फारशी जात नाही हे खरे. पण गंधक सोडून परत बसलेली चांदी भुकटीसारखी बसते, आणि नाणे खडूसारखे पांढरेफटक दिसू लागते. भांड्याला चालेल, नाण्याला नाही.

हा गंधक आमच्या घरात येतो कोठून? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्याला वाटा पुष्कळ आहेत. गटारे आहेतच. साखर कारखान्यांची मळी आणि मद्यार्काचे सांडपाणी जेथे कुजते तेथे हाच वायू सुटतो. तासगावच्या बाजूस द्राक्षबागेवर मारण्यासाठी गंधकाची भुकटी लागते, बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ते पोते ज्या खोलीत असेल त्याच खोलीत पैशाचे कपाट असले म्हणजे चांदीची काय अवस्था होईल हे सांगावयास नको. माणदेशातल्या घरात नाणी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवीत. लोकरीतही गंधक असतो. सर्वांत घातकी म्हणजे रबराची चकती. रुपयांच्या चळतीला किंवा पुडीला आपण रबर लावतो; रबर पक्के करण्यासाठी त्यात गंधकच घातलेला असतो, आणि काही वर्षांनी रबर विरघळून चिकटते तेव्हा त्याच्या खाली रुपयावर काळा पट्टा कोरल्यासारखा उठलेला असतो. वर्तमानपत्राच्या कागदात बांधणे हेही तसेच. स्वस्त कागद आम्लधर्मी होतो, पिवळा पडतो आणि आपला पिवळेपणा नाण्याला देतो.

हवामानाचा भागही लहान नाही. महाबळेश्वर-जावळीच्या बाजूस पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते, चामड्याला बुरा येतो, आणि पूर्वेस माण-आटपाडीकडे आभाळाकडे पाहून डोळे दुखतात. एकाच साली पाडलेले दोन रुपये या दोन टोकांना पन्नास वर्षे ठेवले तर ते दोन निराळ्या चेहऱ्यांचे होतील. ज्या कोरड्या मुलखात रुपया उत्तम टिकावा तेथे तो शिलकीत पडण्याची ऐपत कमी, हा आपल्या भूगोलाचा एक विनोदच म्हणावयाचा.

पूर्वी लोक धन ठेवीत ते जमिनीत. सातारा जिल्ह्यात गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या नावाच्या चांदीच्या १,३९५ नाण्यांचा ठेवा सापडला होता. पाचव्या शतकातला हा राजा. त्याची नाणी एवढ्या दक्षिणेस सापडतात यावरून त्याची सत्ता येथवर होती की ही नाणी व्यापाराने आली, असा वाद विद्वानांत झाला. एका मडक्यातल्या नाण्यांवर एवढा वाद उभा राहतो, म्हणून मडके कसे हाताळले याला महत्त्व. मातीत नाण्याला भेटतो तो मुख्यतः क्षार. मिठातल्या क्लोराइडशी संयोग पावून चांदीवर करडा, शिंगासारखा मऊ थर बसतो. हिणातले तांबे आधी बाहेर पडून हिरवे होते आणि शेजारशेजारची नाणी त्या हिरव्या गाऱ्यात एकमेकांना चिकटून गोळा होतो. असा गोळा ज्याच्या नांगराला लागतो त्याचा पहिला उद्योग तो फोडण्याचा आणि दुसरा चिंचेत टाकण्याचा. १८७८ च्या निखातनिधी कायद्याने दहा रुपयांवर किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले. पण कायदा नाणी सरकारजमा कशी व्हावी हे सांगतो. ती धुऊ नका, गोळा फोडू नका, मडक्याचे तुकडे आणि आतली मातीही ठेवा, असे शेतकऱ्याला जाऊन सांगणारे कोणी नसते. गोळ्यात कोणते नाणे वर आणि कोणते तळाशी होते यावरून धन किती वर्षांत साठले हे कळू शकते. नाणी सुटी होऊन पांढरी झाली की एक ढीग उरतो.

साठवणीची विद्या मात्र आमच्या लोकांना नव्हती असे नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवाचे तोंड लिंपून टाकले म्हणजे आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे रंगासह टिकते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, आधी दिवा सोडून पाहत. हवा आणि ओल यांना बाहेर ठेवणे, एवढेच हळदीला हवे होते आणि एवढेच चांदीलाही हवे. हळदीचे मोल बाजारात रंगावर ठरे, म्हणून रंग राखण्याची कला निघाली. रुपयाचे मोल वजनावर ठरे, म्हणून त्याच्या अंगाकडे कोणी पाहिले नाही. २००५ च्या पुरात यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले.

पुराचा विषय निघालाच आहे तर तो सोडून पुढे जाणे बरे नव्हे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. तेथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच संकट थोड्या कमी उंचीवर आले. गावभागातली, पेठांतली घरे दिवसचे दिवस पाण्यात होती, आणि ते पाणी नुसते नदीचे नव्हते. सगळ्या शहराची गटारे त्यात मिसळलेली होती. कपाटातल्या खालच्या कप्प्यात नाण्यांचा डबा असला तर त्याच्यावर एकाच वेळी गाळ, मीठ, गंधक आणि लोखंडी पत्र्याचा गंज यांचा मारा झाला. घरातला तांदूळ, मुलांची पुस्तके, अंथरुणे वाहून गेलेल्या माणसाने नाण्यांची काळजी करावी असे कोण म्हणेल? महिन्या-दोन महिन्यांनी डबा उघडला गेला आणि आतले काळे, चिकट पाहून तो उजाळा देण्यासाठी किंवा मोडीत घालण्यासाठी बाहेर पडला, हेच स्वाभाविक. अशा वेळी करावयाचे ते थोडेच आहे, पण ते वेळेवर करावे लागते. गाळ वाळू देऊ नये. वाळलेला गाळ पुसणे म्हणजे वाळूने घासणे. नाणी स्वच्छ पाण्यात ठेवून पाणी पुनःपुन्हा बदलावे, शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे बॅटरीत घालतात ते घ्यावे, आणि नाणे न चोळता मऊ सुती फडक्यावर टिपून सावलीत कोरडे करावे. काळेपणा राहू द्यावा.

नवरात्रात घटाच्या कलशात सुपारीबरोबर रुपया घालण्याची चाल आहे. तांब्याचा कलश, त्यात पाणी आणि पाण्यात चांदी अशी नऊ दिवस ठेवली म्हणजे दोन धातूंची बारीकशी बॅटरीच तयार होते. तांबे झिजते आणि त्याचा हिरवा डाग रुपयावर चढतो. धर्मकृत्याला माझी हरकत नाही. बाजारात आजच्या घडणीचे चांदीचे शिक्के मिळतात, ते कलशात घालावे आणि अंकुशी रुपयाला दुरून हळदकुंकू वाहावे. पंचामृताची गोष्ट तीच. दूध, दही, मध, साखर ही देवाला प्रिय असली तरी चांदीला मीठ-आंबट काहीच मानवत नाही.

विसाव्या शतकात रुपयावर याहून मोठे गंडांतर आले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली: पन्नास भाग चांदी, चाळीस तांबे, पाच निकेल, पाच जस्त. हा जॉर्ज राजाचा रुपया आज घरोघर सापडतो आणि त्याचा काळेपणा निराळा असतो. हिरवट, तपकिरी, गढूळ, कारण काळवंडते ते मुख्यतः त्यातले तांबे. त्याच सुमारास, १९४० ते १९४३ या काळात, राणीछाप आणि त्यामागचे जुने चोख रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढण्यात आले. युद्धकाळात अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली होती. ती फेडावयाची म्हणून पुढे १९४० नंतरचे हे मिश्रधातूचे रुपयेही परत घेऊन कलकत्त्यास अलीपूरच्या कारखान्यात गाळले गेले, आणि १९५७ साली ते कर्ज फिटले. सरकारी मुशीत असे कोट्यवधी रुपये गेले.

आणि खाजगी मुशीचा इतिहास तर आमच्या जिल्ह्यांचाच. विटे, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडील माण-खटाव येथील हजारो कुटुंबे दुष्काळाने बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरली. दूरच्या एखाद्या शहरातल्या सराफ गल्लीत शिरावे, तर भट्टीपाशी बसलेला माणूस मराठी बोलतो आणि गाव विट्याच्या आसपासचे सांगतो. मोड मुशीत वितळवणे, टाकणखार टाकून मळी काढणे, तेजाबात चांदी विरघळवून तांब्याच्या पत्र्यावर ती पुन्हा खाली बसवणे, हे त्यांचे कसब वादातीत आहे. त्यांच्या दृष्टीने रुपया म्हणजे कस. तीच त्यांची विद्या, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या हातांखालून इतकी नाणी जातात, त्या हातांना खुणा ओळखता आल्या तर केवढे काम होईल! मुशीत टाकण्यापूर्वी फारसी अक्षरांचा एखादा जाड, वेडावाकडा रुपया बाजूला काढून ठेवला आणि त्याचे छायाचित्र कोणा अभ्यासकाकडे धाडले, तर सराफाचे नुकसान काहीच नाही. बहुतेक वेळा त्याला चांदीच्या भावापेक्षा अधिकच मिळेल.

नव्या संग्राहकांची चूक जुन्यांच्या उलट आहे. ते घासत नाहीत, पण प्लॅस्टिकच्या मऊ, लवचीक पाकिटांच्या वह्यांत नाणी भरून निर्धास्त होतात. ते प्लॅस्टिक पीव्हीसीचे असले म्हणजे त्याला मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते, उष्णतेने त्यातून आम्ल सुटते, आणि दहा-पंधरा वर्षांत रुपयावर हिरवी चिकट साय धरते. हिणातले तांबे ती खात असते. नाकाला नव्या बुटासारखा वास आला की ती वही टाकून द्यावी. नुकतीच धरलेली साय ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, निघते; हे काम उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. ठेवावयाचे तर पॉलिएस्टरच्या कडक पाकिटात किंवा आम्लरहित कागदाच्या पुडीत ठेवावे, डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी आणि ती अधूनमधून तापवून कोरडी करावी. कच्च्या लाकडाच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटते, तेव्हा सागवानी पेटीपेक्षा साधा घट्ट झाकणाचा डबा बरा. नाणे धरावे ते काठाला. बोटाचा घाम म्हणजे मीठ, आणि अंगठ्याचा ठसा वर्षभराने राणीच्या गालावर तपकिरी होऊन उठतो.

पुडीवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्या: रुपया कोणाकडून आला, कोणत्या गावच्या घरात होता, त्याच्याबरोबर आणखी कोणती नाणी होती, वजन किती भरले. कोणत्या भागात कोणत्या टांकसाळीचे रुपये चालत हे ठरविण्यास अभ्यासकाला याच नोंदी लागतात, आणि याच बहुधा मिळत नाहीत.

आज़मताऱ्याचा उल्लेख वर आला आहे. मोगलांच्या हाती तो किल्ला जेमतेम काही वर्षे राहिला, पुढे मराठ्यांनी परत घेतला. त्या थोड्या वर्षांतला एखादा रुपया साताऱ्यातल्या किंवा कोरेगाव-वाईकडच्या एखाद्या डब्यात, राणीछाप रुपयांच्या खाली, ओळखू न येता पडलेला असणे अशक्य नाही. तो राणीछापाहून किंचित जाड असेल, पुरता गोल नसेल, आणि काळा असेल. टांकसाळीचे नाव फारसी ओळींच्या तळाशी किंवा माथ्याशी, अगदी काठालगत येते. ते पाहावयाचे तर नाणे धुऊ नये. दिव्याचा उजेड एका बाजूने तिरपा पाडावा आणि भिंग धरावे. काळ्या थरावर अक्षरांच्या कडा अशा उजेडात उलट अधिक स्पष्ट दिसतात.